तेहतीस युरो कमी

"मामा, पैसे कमी पोचलेत."

जुलैतली सकाळ. आमराईतून फिरून येऊन मी चहाचा कप हातात घेतला होता, तेवढ्यात भाचीचा फोन आला.

"किती कमी?"

"तेहतीस युरो."

खरं सांगायचं तर मला हसू आलं. बारा-साडेबारा लाख पाठवले होते, त्यात तेहतीस युरो म्हणजे साधारण तीन हजार तीनशे रुपये. म्हटलं, एवढ्यासाठी सकाळी सकाळी रडतेस होय? तिनं जर्मनीहून आलेली मेल वाचून दाखवली आणि माझं हसू गेलं. तेहतीस युरो जमा होईपर्यंत खात्याचा दाखला मिळणार नाही. दाखला नाही तर व्हिसाचा अर्ज पूर्ण होत नाही. मुंबईची तारीख अकरा दिवसांवर आली होती आणि सत्र १ ऑक्टोबरला सुरू होणार होतं.

या प्रकरणाचे सगळे कागद आता माझ्याकडे आहेत. दाजींनी गणिताच्या मास्तराला शोभेल अशा वहीत एकेक आकडा उतरवून ठेवलाय. मी स्वतः चौतीस वर्षं बँकेत काढली, पण त्यातली बहुतेक पीककर्ज आणि वसुली यात गेली. परकीय चलनाचं माझं ज्ञान म्हणजे पुण्यातलं तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि तिथलं जेवण. घरात मात्र मी 'बँकेतला माणूस', त्यामुळे या गोंधळात माझाही हात आहे. तो कुठे, ते पुढे येईलच.

भाचीला स्टुटगार्टला प्रवेश मिळाला. जर्मनीत शिकायला जाणाऱ्याला वर्षभराचा राहण्याखाण्याचा खर्च आधीच एका गोठवलेल्या खात्यात ठेवून दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम महिना ९९२ युरो, म्हणजे वर्षाला ११,९०४ युरो आहे. तिथे पोचल्यावर दरमहा तेवढीच रक्कम मोकळी होते. खातं उघडून देणाऱ्या कंपनीची फी ९० युरो होती. मेलमध्ये ठळक अक्षरात लिहिलं होतं: ११,९९४ युरो जमा व्हावेत. 'पाठवावेत' नव्हे, 'जमा व्हावेत'. हा फरक आमच्यापैकी कुणाच्याही डोळ्यांत भरला नाही.

पैसे दाजींचे: एक एफडी मोडली, भविष्य निर्वाह निधीतून थोडे काढले. कर्ज नको म्हणाले. बँक सांगलीच्या विश्रामबागेतली, खातं वीस वर्षांचं. पण त्या शाखेत परकीय चलनाचं काम होत नाही. परदेशी पैसे पाठवण्याचा ए-२ फॉर्म, पॅन, पासपोर्ट आणि प्रवेशपत्र इथे घ्यायचं, स्कॅन करून पुण्याच्या शाखेला पाठवायचं आणि तिथून पैसे सुटायचे. काउंटरवरच्या मॅडमना दाजींनी सरळ विचारलं, "चार्ज किती?" मॅडम म्हणाल्या, "सर, हजार रुपये अधिक जीएसटी." दाजींनी वहीत लिहिलं: १,१८०.

पहिली कटकट पुण्याहून आली. कागदांवर 'खाते' हा शब्द बघून तिथल्या कुणीतरी रकमेचं कारण 'परदेशात खाते उघडणे' असं धरलं. कुणी म्हणेल, खातं तर उघडतोच आहोत, काय बिघडलं? बिघडतं ते टीसीएसमध्ये, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक कापून घेते त्या करात. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या वर्षात त्यातल्या दहा लाख रुपयांच्या वरच्या भागावर बँक टीसीएस कापायची, शिक्षणासाठी ५ टक्के आणि इतर बहुतेक कारणांसाठी २० टक्के. आमच्या रकमेवर म्हणजे साडेअकरा हजार की सेहेचाळीस हजार, एवढा फरक. आयकर खात्याच्या ३० जून २०२३ च्या परिपत्रकात शिक्षणाच्या रकमेत शिकताना लागणारा रोजचा खर्चही धरलेला आहे. ते परिपत्रक मी शोधून काढलं, छापून दिलं आणि कारणाचा कोड एस०३०५, म्हणजे शिक्षण, असा करून घेतला. पुण्याच्या साहेबांनी फोनवर "बरोबर आहे तुमचं" म्हटलं.

चौतीस हजार वाचवल्याच्या गुर्मीत मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात असताना दाजींचा फोन आला.

"दादा, इथं फॉर्मवर तीन चौकोन आहेत. परदेशी बँकेचा खर्च कोणाकडे, असं विचारलंय. कुठल्यावर खूण करू?"

एका हातात साखरेची पिशवी, दुसऱ्या हातात फोन. मी म्हणालो, "मधल्यावर. निम्मा-निम्मा असतो तो. सगळे तेच करतात."

सगळे तेच करतात, हे खरं आहे. आणि तेहतीस युरो तिथेच गेले.

आपल्याला यूपीआयनं बिघडवलंय. गणपती पेठेत दहा रुपयांचा चहा पिऊन फोन फिरवला की दहाचे दहा पोचतात. पैशाला वाट असते आणि वाटेवर माणसं बसलेली असतात, हेच विसरायला झालंय. सांगलीच्या बँकेकडे युरोची तिजोरी नसते. तिचं फ्रँकफर्टच्या एखाद्या मोठ्या बँकेत खातं असतं, त्याला बँकवाले नोस्ट्रो म्हणतात. इथून फक्त निरोप जातो: आमच्या खात्यातले एवढे युरो अमक्या बँकेतल्या तमक्या खात्यात टाका. निरोप नेणारं जाळं म्हणजे स्विफ्ट, बेल्जियममधली १९७३ सालची सहकारी संस्था. स्विफ्ट पैसे हलवत नाही, चिठ्ठी पोचवते. पैसे हलतात ते या बँकेच्या वहीतून त्या बँकेच्या वहीत, आणि प्रत्येक वहीवाला आपली हमाली काढून घेऊ शकतो. जकात नाके उठून आपल्याकडे बरीच वर्षं झाली, तिकडच्या वाटेवर ते अजून आहेत असं समजा.

तीन चौकोन या हमालीचेच. पहिला 'अवर': सगळ्यांचा खर्च पाठवणारा देणार. दुसरा 'एसएचए': इथल्या बँकेचा खर्च पाठवणाऱ्याचा, पुढचा सगळा घेणाऱ्याचा. तिसरा 'बेन': सगळाच घेणाऱ्याचा. दुसऱ्याला मी 'निम्मा-निम्मा' म्हणालो, ते चूक. त्यात निम्मं काहीच नसतं. पुढचा खर्च वाटेतच मूळ रकमेतून कापला जातो आणि उरलेले पोचतात. भावाला घरखर्चाला पैसे पाठवताना वीस युरो कमी पोचले तर कुणाचं अडत नाही. रक्कम शेवटच्या युरोपर्यंत मोजून घेणारा समोर असेल, तर मधला चौकोन म्हणजे ठरलेला घोळ.

आम्ही बँकेत गेलो. मॅडमचं उत्तर तयार होतं, "सर, आम्ही पूर्ण पाठवलेत. ते परदेशी बँकेनं कापलंय, आमचा काही संबंध नाही." तिचा दोष नाही. पाठवलेल्या पैशाचं तिकडे काय होतं हे तिला कुणी शिकवलेलंच नव्हतं. मी एमटी १०३ ची प्रत मागितली. पैसे पाठवल्याचा तो तेव्हाचा मूळ स्विफ्ट निरोप आणि ग्राहकाला तो मागता यायचा. तासाभरानं पुण्याहून मेल आली, एक पान छापून मिळालं.

कागद दाजींनी हातात घेतला आणि त्यांचा चेहराच बदलला. "दादा, हे काय? अकरा लाख नव्व्याण्णव हजार चारशे युरो?" स्विफ्टच्या त्या निरोपात दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम असायचा. तिथे ११९९४,०० असं छापलं होतं. जन्मभर मुलांना दशांश शिकवलेल्या माणसाला घाम फुटला. त्याखाली चार-पाच ओळी सोडून ७१ए असा रकाना आणि त्यात तीन अक्षरं: एसएचए. मी किराणा दुकानातून केलेली खूण.

कुणी किती कापलं हे आपल्या हातातल्या प्रतीवर दिसत नाही, कारण ती निघतानाची चिठ्ठी असते. पण प्रत्येक निरोपाला एक लांबलचक ओळख क्रमांक असतो, यूईटीआर म्हणतात त्याला. पाठवणारी बँक त्यावरून पार्सलसारखा माग काढू शकते. पुण्याच्या साहेबांनी दोन मिनिटांत फोनवर सांगितलं: मधल्या बँकेनं २० कापले, शेवटच्या बँकेनं १३. म्हणजे 'संबंध नाही' म्हणणाऱ्या बँकेच्या संगणकावर सगळं दिसत होतं.

आता तेहतीस युरो पोचवायचे कसे? तेहतीसच पुन्हा मधल्या चौकोनानं पाठवले असते तर वाटेत तेहतीस कापून शून्य पोचलं असतं. हा हिशेब दाजींनी वहीत खरंच मांडलाय, खाली दोन रेघा मारून.

भाचीचा वालचंद कॉलेजमधला एक सीनियर म्युनिकला आहे. तो म्हणाला, मी इथून भरतो, तुम्ही माझ्या आईला सांगलीत यूपीआय करा. युरोपातल्या युरोपात पाठवायला त्याला खर्चही आला नसता. सगळ्यांना पटलं, मी मोडता घातला. परदेशातल्या माणसानं तिकडे आपल्या वतीनं भरायचे आणि आपण इथे त्याच्या माणसाला रुपये द्यायचे, हे परकीय चलनाच्या फेमा कायद्यात बसत नाही. तेहतीस युरोसाठी कोण धरायला येणार, असं दाजी म्हणाले. खरंय. पण वसुलीत वर्षं काढलेल्या माणसाचा एकदा लागलेला भित्रेपणा जात नाही. त्यानं निव्वळ भेट म्हणून भरले असते आणि परत घेतले नसते तर गोष्ट वेगळी. पण तेवढी ओळख नव्हती.

शेवटी बँकेतूनच, या वेळी 'अवर' करून पाठवले. वहीतलं पान जसंच्या तसं:

३३ युरो, दर १०२.८०: ३,३९२.४०
कमिशन, जीएसटी धरून: १,१८०
स्विफ्ट, जीएसटी धरून: ५९०
परदेशी बँकेचा खर्च, जीएसटी धरून: २,३६०
चलन बदलण्यावरचा जीएसटी: ४५
टीसीएस: १६९.६२
एकूण: ७,७३७.०२

टीसीएस सोडला तरी ३,३९२ रुपये पोचवायला ४,१७५ रुपये. पंचेचाळीस रुपयांची ओळ बघून दाजींनी विचारलं, हे कशावर? चलन बदलून देणं ही सेवा धरतात आणि तिचं मूल्य ठरवायला कोष्टक आहे. लाखापर्यंत रकमेच्या एक टक्का, पण किमान २५० रुपये. दहा लाखांपर्यंत १,००० अधिक लाखावरच्या रकमेच्या अर्धा टक्का. त्यापुढे ५,५०० अधिक ०.१ टक्का, कमाल ६०,००० रुपये. या मूल्यावर १८ टक्के जीएसटी. २५० वर १८ टक्के म्हणजे ४५, यापेक्षा कमी होतच नाही. पहिल्या वेळी हाच कर १,०३१.५० रुपये लागला होता. तो काउंटरवर कुणी सांगितला नव्हता आणि स्विफ्टचे ५९० सुद्धा नाहीत.

चौथ्या दिवशी दाखला आला. व्हिसाची तारीख सांभाळली गेली आणि घरच्यांच्या दृष्टीनं प्रकरण तिथे संपलं.

मला मात्र चैन पडेना. मार्केट यार्डात माझा एक जुना कर्जदार आहे, हळद आणि बेदाणा बाहेर पाठवतो. त्याच्याकडे बसून ही तेहतीस युरोंची कथा रंगवून सांगत होतो. बाहेर हळदीचे ढीग, हमालांचा आरडाओरडा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं:

"साहेब, रेट काय लावला?"

मला माहीत नव्हतं. दाजींनाही नव्हतं. व्हाउचर काढून बघितलं तर कोपऱ्यात बारीक अक्षरात १०२.६०. त्यानं मोबाइलवर त्या दिवसाचा भाव काढला: १००.४०.

"बोर्डावरच्या भावानं घेतला व्हय? आवो, हळकुंडाच्या पोत्याला आमी पाच रुपयांसाठी अर्धा तास घालवतो. तुमी बारा लाखाचा माल इचारल्याबिगर उचलला."

युरोमागे दोन रुपये वीस पैसे. ११,९९४ युरोंवर ते होतात २६,३८६ रुपये ८० पैसे. मी कॅल्क्युलेटरवर तीनदा करून बघितलं. तेहतीस युरोंसाठी आम्ही इतके दिवस धावलो आणि त्याच व्यवहारात अडीचशेहून जास्त युरो कुठल्याही पावतीवर 'चार्ज' म्हणून न दिसता गेले होते. मोबाइलवरचा भाव हा मोठ्या बँकांचा आपसातला, मधला भाव असतो. त्या भावानं किरकोळ गिऱ्हाइकाला कुणी देत नाही, हे मान्य. बँकेनं काही ठेवूच नये असंही नाही. पण शाखेतल्या तक्त्यावरचा दर अंतिम नसतो. रक्कम मोठी असेल तर शाखा ट्रेझरीला, म्हणजे बँकेच्या चलनाचे दर ठरवणाऱ्या विभागाला, फोन करून त्या दिवसाचा वेगळा दर मागू शकते. व्यापारी रोज मागतात. पगारदार माणूस मागत नाही, कारण मागता येतो हेच त्याला ठाऊक नसतं. मला ठाऊक असायला हवं होतं.

मग मी वहीच्या मागच्या पानावर पहिल्या व्यवहाराचा हिशेब पुन्हा मांडला. खात्यातून गेले १२,४४,९१५ रुपये. त्यातला टीसीएस ११,५२९. घरात सगळ्यात जास्त आरडाओरडा झाला तो यावरच, 'सरकारनं अकरा हजार खाल्ले' म्हणून. पण ती फी नव्हेच, आगाऊ कर आहे. दाजींच्या २६एएस या कर-नोंदीच्या उताऱ्यात त्याची नोंद दिसते आणि रिटर्न भरताना वळता होतो. नोकरदाराला तेव्हा १२बीएए फॉर्म देऊन तो पगारातल्या टीडीएसमध्येही वळता करून घेता यायचा. शाळेच्या क्लार्कनं या फॉर्मचं नाव पहिल्यांदाच ऐकलं, म्हणून दाजींनी नाद सोडला. दहा लाखांची मर्यादा माणशी असल्यानं रक्कम निम्मी माझ्या बहिणीच्या खात्यातून गेली असती तर टीसीएस लागलाच नसता. पण दोन वेळा कमिशन आणि दोन वेळा वाटेतली कापणी झाली असती. परत येणाऱ्या पैशासाठी न परतणारे घालवण्यात मला तरी शहाणपण वाटत नाही. शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर आता टीसीएस नाही, तो भाग आम्हाला लागू नव्हता.

खरे गेलेले पैसे असे: दरात २६,३८७, जीएसटी १,०३१, कमिशन आणि स्विफ्ट १,७७०, तिकडे कापलेले तेहतीस युरो म्हणजे ३,३८६, आणि ते भरून काढायला ४,१७५. छत्तीस हजार सातशेच्या घरात. काउंटरवर 'चार्ज किती' याला उत्तर मिळालं होतं हजार रुपये अधिक जीएसटी. मॅडम खोटं बोलल्या नव्हत्या. विचारलं त्याचंच उत्तर दिलं. 'तिकडे किती पडणार आणि त्यासाठी माझ्या खात्यातून एकूण किती जाणार' असं विचारलं असतं तर त्यांना पुण्याला फोन करावाच लागला असता.

दराबद्दल बँकेला लेखी विचारलं. उत्तर आलं: त्या दिवशीच्या जाहीर दराने व्यवहार झाला, खर्चाचा पर्याय ग्राहकाने स्वतः निवडला. दोन्ही वाक्यं खरी. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, २०२१ पासून बहुतेक बँकांसाठी तो एकच आहे. आम्ही गेलो नाही. खूण माझी होती आणि मला ते लिहून द्यावं लागलं असतं.

ऑगस्टमध्ये फीची वेळ आली. स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो फी असते. दाजी या वेळी वही घेऊन आणि मला बरोबर घेऊन गेले. पहिला चौकोन, 'अवर'. शिवाय मॅडमकडून पुण्याला मेल करून घेतली की पूर्ण पंधराशे पोचायला हवेत. 'अवर' असूनही शेवटची बँक कधीकधी हात मारते, म्हणून काही बँका पूर्ण रकमेची वेगळी हमी देतात. ती आहे का, हेही विचारलं. होती. मग दाजींनी घसा खाकरला आणि दर विचारला.

"सर, आज एकशेचार दहा."

"मोबाइलवर एकशेएक नव्वद आहे. ट्रेझरीला विचारा."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. फोन लागला. दहा मिनिटांनी एकशेदोन पंच्याण्णव मिळाला.

दाजी म्हणाले, "अजून दहा पैसे बघा की."

"सर, हा काय हळदीचा सौदा आहे का?"

"मग कशाचा आहे?"

मॅडम हसल्या, पुन्हा फोन लावला. पाच पैसे सुटले. पंधराशेवर पंचाहत्तर रुपये. तीन दिवसांनी विद्यापीठाची पावती आली, १,५००.००, आणि दाजींनी ती वहीत चिकटवली. पण बँकेतून परतताना त्या पंचाहत्तर रुपयांचं त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून भडंग घेतलं, भाव न विचारता.